चौकटीबाहेरचा रखमाजी

नगरातल्या महेंद्रच्या स्टुडिओचं दार चांगुणाबाईनं वाजवलं नाही, ढकललं. आत एक शाळकरी पोरगी पासपोर्ट फोटोसाठी मान ताठ धरून बसली होती, ती दचकून उठलीच. चांगुणाबाईच्या काखेत कागदाची मोठी गुंडाळी होती. तिच्या मागं तिचा नवरा रखमाजी टोपी हातात धरून अवघडून उभा होता.

"वाच," ती म्हणाली आणि गुंडाळी टेबलावर आपटली.

पोस्टर होतं. भिंतीवरून ओरबाडून काढलेलं, मागं अजून खळ चिकटलेली. महेंद्रनं ते उलगडलं आणि, खोटं कशाला बोला, आधी त्याला बरंच वाटलं. आपला फोटो एवढा मोठा छापून आलेला कुठल्या फोटोवाल्याला आवडत नाही? कर्जतकडच्या माळावर, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी चांगुणाबाई. हातोडा डोक्याच्या वर गेलेला, डोळे उन्हानं बारीक झालेले, कपाळ कोरं, आजूबाजूला नुसता दगड. मग त्यानं खालची ओळ वाचली. 'दुष्काळाशी एकाकी झुंजणारी विधवा चांगुणाबाई.'

"मोठ्यानं वाच की. मला वाचाया येत न्हाई, पर ऐकाया येतं. सगळ्या काष्टीच्या बाजारानं वाचलंय, तुला काय धाड भरली?"

महेंद्रनं पोस्टरची दुमडलेली कड उगाच सरळ केली.

"जित्या नवऱ्याची रांडाव केलीस मला! मग ह्यो मागं उभा हाय त्यो कोन? भूत हाय का?"

रखमाजीला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं 'जय भीम' घातला. महेंद्रनंही घातला. पोरगी दप्तर उचलून पळाली.

घडलं होतं ते असं. चांगुणाबाईची थोरली लेक सीमा. तिचं काष्टीच्या सहादेवच्या मुलाशी जमलं होतं. सुपारी फुटली, जेवणं झाली, वैशाखातली तारीख धरली. एवढ्यात नगरच्या एका संस्थेनं काष्टीच्या आठवड्याच्या बाजारात दुष्काळाचं प्रदर्शन मांडलं. मंडपाच्या तोंडाशीच हे पोस्टर. सहादेव गेला होता बैल बघायला, आणि बघून आला विहीणबाई! शेजारच्यानं त्याला खालची ओळ वाचून दाखवली. बाईचा नवरा मेलेला आहे म्हणे. मग सुपारीला बाप म्हणून मांडीला मांडी लावून जेवला तो कोण?

त्यानं मध्यस्थाकरवी निरोप धाडला. पाट लावला असेल तर त्यात काही पाप नाही, आमच्याही भावकीत लागतात. पण आमच्यापासून झाकलं का? पोरगी कोणाची ते आधी सांगा, मग तारखेचं बघू.

"सांगून सांगून घसा सुकला," चांगुणाबाई म्हणाली. "ह्योच नवरा, ह्योच बाप. तर म्हनत्यात, छापलेलं खोटं असतं व्हय? आता जित्या मानसानं मी जित्ता हाय म्हनून कुनाकुनाला दाखवायचं? पानी भराया गेले तर बाया ह्यांच्या तेराव्याचं जेवान मागत्यात. हसत्यात. अन् तिकडं पोरगी भिताडाकडं तोंड करून निजलीय, ती उठंना. का, तर हे असलं काय तरी तू छापलंस!"

"मी नाही लिहिलं हे, मावशी."

"मग कुनी?"

"संस्थेनं. मी फक्त फोटो दिला होता. मागं तुमचं नाव लिहून दिलं होतं, गाव लिहून दिलं होतं. बास."

"अन् हे? हे माझ्या शेजारीच बसले हुते तवा. मला चांगलं ध्येनात हाय. टँकरवरनं पानी घिऊन आल्ते. मग फोटूतनं गेले कुठं?"

महेंद्रनं पोस्टरकडं बघितलं. रखमाजीनंही टोपी सारखी करून पोस्टरकडं बघितलं, जणू आता कुठून तरी आपण दिसूच.

"छापताना... संस्थेवाल्यांनीच काय तरी केलं असणार," महेंद्र म्हणाला.

शब्द तोंडातून गेले, आणि ते धडधडीत खोटे होते. कारण रखमाजीला कोणी घालवलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निगेटिव्हमध्ये रखमाजी होता. चांगला अर्धी चौकट अडवून बसला होता. मांडीशी पाण्याची कळशी, आणि तोंडभर हसू. फोटो काढताना तो म्हणाला होता, "दोनच दात ऱ्हायल्यात, साहेब, दोन्ही येऊ द्या." आणि कामावरच्या बाया फिदीफिदी हसल्या होत्या.

आता बोला! दुष्काळाच्या फोटोत माणूस हसतो कसा? महेंद्रनं डार्करूममध्ये फोटो मोठा करताना पाहिलं, की नजर आधी त्या दोन दातांवरच जाते. बाईचा हातोडा, तिचं ऊन खाल्लेलं तोंड, सगळं फुकट. एन्लार्जरखाली कागद ज्या चौकटीत धरतात तिला पट्ट्या असतात. त्यानं एक पट्टी सरकवली. रखमाजी गेला, कळशी गेली, दात गेले. राहिली एकटी बाई आणि दगड. फोटो असा काही उठून दिसला, की महेंद्रनं स्वतःशीच शीळ घातली होती.

"मी बघतो," तो म्हणाला. "आत्ताच जातो त्यांच्याकडं. तुम्ही बसा, चहा सांगतो."

"तुझ्या च्याला काय चाटायचंय?" ती म्हणाली. पण बसली. उन्हातून आली होती बिचारी, बसणार नाही तर काय करेल.

संस्थेचं ऑफिस नगरातच, सावेडीला होतं. महेंद्रनं लुना काढली, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. एक तर खोटं बोलल्याची आग, आणि दुसरी त्या 'विधवा' शब्दाची. ही दुसरी फार जुनी होती.

त्याची आई रंगुबाई. तिच्या सासूनं धम्म घेतल्यावर कुंकवाचा करंडा सीना नदीत सोडला, त्या घरात पुन्हा करंडा आला नाही. रंगुबाई कोऱ्या कपाळानंच नांदली. महेंद्र तिसरीत होता तेव्हा ती त्याला शाळेत सोडायला आली. गुरुजींनी तिच्या कपाळाकडं बघितलं आणि गळा दाटून आल्यासारखं करून विचारलं, "वडील कधी गेले रे बाळ?" वडील फाटकाशी सायकल धरून उभे होते. चांगले धडधाकट, बिडी ओढत होते. वर्गातली पोरं वर्षभर त्याला विचारत होती, तुझे मेलेले वडील आज कुठं गेले म्हणून. घरी येऊन तो आईवर चिडला होता, तू टिकली का लावत नाहीस म्हणून. त्यावर आईनं त्याला एक ठेवून दिली होती.

आणि आता त्याच्याच फोटोखाली तोच समज, छापून.

संस्थेचा सुनील टेबलापाशी प्रदर्शनाच्या पाट्या रंगवून घेत होता. माणूस वाईट नव्हता. पायात साधी चप्पल, खांद्याला शबनम, दुष्काळाबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी यायचं. महेंद्रचे फोटो त्यानंच पहिल्यांदा भिंतीवर लावले होते. नाहीतर लग्नं आणि पासपोर्ट काढण्यात महेंद्रचा जन्म गेला असता. संगमनेरकडच्या ऊसतोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या, कर्जतचे टँकर, श्रीगोंद्याच्या कोरड्या विहिरी, सगळं त्यानं सुनीलच्याच भरवशावर टिपलं होतं.

"ही बाई विधवा आहे असं तुम्हांला कोणी सांगितलं?" महेंद्रनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"कोण? ती खडीवाली? का, नाही का?"

"नवरा माझ्या स्टुडिओत चहा पितोय तिचा."

"अरेच्चा!" सुनील हसला. हसला! "अहो, पण कपाळ मोकळं आहे ना तिचं."

"बौद्ध आहे ती. नाही लावत त्या कुंकू. माझी आई नाही लावत. मग काय तिलाही विधवा लिहाल?"

"असं अंगावर काय येता महेंद्र? चूक झाली असेल. पण बघणाऱ्याला काय वाटतं ते बघा. एकटी बाई, मोकळं कपाळ. लोक तसंच समजणार. समजू द्या की. त्यानं काय बिघडतं?"

'समजू द्या की' ऐकलं आणि महेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय बिघडतं? तिच्या पोरीचं लग्न मोडतंय! तिचा नवरा जिवंत असून गावानं त्याचं तेरावं घातलंय! तुमच्या डोळ्यांना येतं ते पाणी घेऊन काय चाटू आम्ही? एकदा विचारावंसं नाही वाटलं? आमच्या बायांची कपाळं वाचायला तुम्हांला कोणी शिकवलं?"

"आवाज खाली," सुनील म्हणाला. "आम्ही पुढच्या छपाईत शब्द बदलू. पण आत्ता ही पोस्टरं सगळ्या तालुक्यांत गेलीत, पुढच्या आठवड्यात पुण्याला प्रदर्शन आहे. मधेच कशी काढणार? एका शब्दासाठी एवढं मोठं काम बंद पाडायचं का? आणि तुम्ही मला एक सांगा. बाईच्या शेजारी नवरा होता म्हणता, तर तो फोटोत का नव्हता? आमच्याकडं फोटो असाच आला. एकटी बाई तुम्हीच दिलीत."

महेंद्रच्या तोंडात मारल्यासारखं झालं. उत्तर नसलं की माणूस दुप्पट ओरडतो, तसा तो ओरडला. भिंतीवरचं पोस्टर त्यानं टराटरा फाडलं, यापुढं माझा एकही फोटो वापरायचा नाही म्हणून बजावलं आणि लुनाला तीनदा लाथ मारून ती सुरू केली. सगळ्या रस्त्यानं तो सुनीलला शिव्या घालत होता. त्यातल्या निम्म्या कोणाला लागू होत्या हे त्याला कळत होतं, म्हणून तर आवाज चढत होता.

स्टुडिओत चांगुणाबाई उठून उभी होती.

"काय झालं?"

"ते नाही ऐकत."

"मग तू चल काष्टीला," ती म्हणाली. "तुज्या फोटूनं मारलं, तूच सांग की जित्ता हाय. कागदाचं ऐकत्यात ना ते, मग कागदवाल्याचं बी ऐकतील. न्हाई ऐकलं तर मी हिथंच तुझ्या दारात येऊन बसते, अन् तुझ्या गिऱ्हाइकाला सांगते, ह्यो मानसं मारतो म्हनून."

काष्टीवरून जाणाऱ्या दौंडच्या एस.टी.त तिघं बसले. रखमाजी खिडकीपाशी होता. महेंद्रनं कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. वाटेत तीनदा त्याच्या जिभेवर आलं, की मावशी, एक सांगायचं राहिलं. तीनही वेळा त्यानं गिळलं. आधी लग्न वाचू दे, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. माणसाला पुढं ढकलायला काय, काहीही कारण पुरतं.

सहादेवचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पुढं पत्र्याची पडवी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली बाजेवर सहादेव. तो उठला नाही. त्याच्या बायकोनं, छबूबाईनं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. चहाचं नाव कोणी काढलं नाही.

"हे फोटोवाले," चांगुणाबाई म्हणाली. "इचारा ह्यांना काय इचारायचं ते."

महेंद्रनं सांगितलं. नीट, हात जोडून सांगितलं. शब्द संस्थेचा, चूक त्यांची, हेच रखमाजीमामा, हेच मावशींचे पहिले आणि एकुलते एक मालक.

सहादेवनं ऐकून घेतलं. "तुमी त्यांच्या बरुबर आलाय म्हंजी त्यांच्यावानीच बोलनार," तो म्हणाला. "राग मानू नगा. मला बी लेकरू हाय. भावकी मला इचारती, का रं सहादेव, फसलास व्हय? मी काय सांगू? फोटूत मानूस न्हाई. खाली लिवलंय, मानूस मेला. आता तोंडाचं बोलनं मानूस फिरवतंय, पर फोटू कवा खोटं बोलतो का?"

रखमाजी काही तरी बोलायला गेला, पण खोकलाच आला त्याला. चांगुणाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. रडत नव्हती. शिवी आवरत होती.

महेंद्रचं डोकं सटकलं. अरे, काय हे! जिता माणूस समोर खोकतोय आणि हा गृहस्थ कागदाला विचारतोय!

"बरोबर आहे काका तुमचं," तो एकदम मऊ आवाजात म्हणाला आणि पिशवीतून कॅमेरा काढला. "फोटो खोटं बोलत नाही. आलोच आहे तर तुमच्या घरातलाही एक काढतो. छबूमावशी, या, बसा बाजेवर."

छबूबाई लाजली, नको नको म्हणाली, पदर नीट केला आणि येऊन नवऱ्याशेजारी बसली. सहादेवनंही मिशीवरून हात फिरवला. फोटो म्हटल्यावर राग जरा बाजूला राहतोच माणसाचा.

"काका, तुम्ही जरा तिकडं सरका. हां, अजून. अजून थोडं. तुम्ही चौकटीत येताय. मावशींचा एकटीचा घेतो आधी."

सहादेव सरकला. बाजेच्या पार टोकाला गेला. महेंद्रनं कॅमेरा डोळ्याला लावला. छबूबाईचं कपाळ मोठं आणि कोरं होतं, पडवीतल्या उन्हात स्वच्छ दिसत होतं. त्यानं खटका दाबला.

"झालं," तो म्हणाला. "आता हा मोठा करायचा आणि बाजारात लावायचा. खाली काय लिहू? 'काष्टीची विधवा छबूबाई'?"

"ए!" सहादेव बाजेवरून उडालाच. "तोंड सांभाळ! मी हिथं बसलोय न्हवं का!"

"फोटोत कुठं आहात?"

"तूच तर सरक म्हनलास!"

"फोटोत माणूस नाही. कपाळावर कुंकू नाही. फोटो कधी खोटं बोलतो का, काका? उद्या बाजारात लोक वाचतील, सहादेव मेला. मग भावकीला सांगा तुम्ही, मी जिवंत आहे म्हणून. बघू कोण ऐकतं!"

छबूबाईचा हात आपोआप कपाळाला गेला. तिथं बोट फिरवून तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग चांगुणाबाईच्या कपाळाकडं, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"बया बया बया," ती म्हणाली. "माझ्या बी ध्येनात आलं न्हाई! अवो, ही बी माझ्यावानीच की! कपाळ बघून लिवलं मेल्यांनी! अन् तुमी? घरात बायकू अशी हाय, रोज तोंड बघताय, तरी अक्कल चालली न्हाई तुमची? बाजारात कुनी काय वाचून दावलं, की घ्या, लगीच निरोप!" तिनं तांब्या उचलला. "च्या टाकते. विहीणबाई, तुमी बसा. असल्या बाप्यांच्या नादाला लागून माझ्या पोराचं मोडती का काय मी!"

सहादेव मान खाली घालून बाजेच्या दोरीशी चाळा करत होता. मग तो उठला आणि रखमाजीचा हात धरून त्याला आपल्या शेजारी बाजेवर बसवलं. "चुकलं, पावनं," तो म्हणाला. रखमाजी हसला. दोन्ही दात दिसले.

महेंद्रचा जीव भांड्यात पडला. त्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. आत चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला. वैशाखातली तारीख शाबूत राहिली, सीमा भिंतीकडचं तोंड फिरवून उठेल, पाणवठ्यावरच्या बाया गप्प होतील. आता सगळं निस्तरलं असं वाटून त्यानं कॅमेरा पिशवीत ठेवला आणि मान वर केली.

चांगुणाबाई त्याच्याकडं बघत होती.

"असं सरकवत्यात व्हय," ती म्हणाली.

"काय मावशी?"

"मानसाला. असं, तिकडं व्हा, अजून व्हा, म्हंजी मग बाई एकटी दिसती. मी म्हनत हुते, एवढा मोठा मानूस फोटूतनं गेला कसा." तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "संस्थेवाल्यांनी केलं म्हनालास तू मला."

महेंद्रनं पिशवीचा बंद उगाच आवळला.

"त्यांनी केलं, का तू?"

"मी," महेंद्र म्हणाला.

छबूबाई चहाची कपबशी घेऊन दारातच थांबली. सहादेव बाजेवर सरळ होऊन बसला.

"त्यांनी मेला म्हनून लिवलं," चांगुणाबाई म्हणाली. "मारला त्यो तूच. आपल्यातला हायेस म्हनून दगडावरनं उठून तुला पानी दिलं हुतं मी. घोटभर पान्यासाठी हे टँकरवर ताटकळले हुते, त्यातलं."

"असू दे गं," रखमाजी मधेच म्हणाला. त्याला भांडण सोसत नसे. तो महेंद्रकडं वळला. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याच्या विचारण्यात राग म्हणून नव्हता. "पर काढलं कशापायी रं, बाबा? मी काय वंगाळ दिसत हुतो का?"

याला काय सांगायचं? चांगलं काही तरी सांगता आलं असतं. फिल्मवर उजेड पडला, कागद पुरला नाही, मशीन बिघडलं. पहिलं खोटं दिवसभर तरी पचलं होतं, दुसरंही पचलं असतं.

"तुम्ही हसत होतात, मामा," महेंद्र म्हणाला.

रखमाजीच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. त्यानं तोंड मिटून घेतलं. मग हळूच त्यावर हात धरला.

चांगुणाबाईनं ते बघितलं आणि तिच्या डोळ्यांत त्या दिवसातलं पहिलं पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

"हसला म्हनून मारलास?" ती म्हणाली.